लॉकचा ताप पैसे मोजणाऱ्यालाच का?

"भावा, जरा क्रॅक मारून दे की." म्हणजे सॉफ्टवेअरचा लॉक तोडून फुकट चालवून दे. कोल्हापुरात उद्यमनगरातलं सीएनसी शॉप असो की राजारामपुरीतलं डीटीपीचं दुकान, ही विनंती कुणीतरी कुणाला तरी करतच असतं. पॅच, कीजेन, ॲक्टिवेटर, 'लाईफटाईम व्हर्जन' हे शब्द आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. चोरीचं सॉफ्टवेअर वापरू नये हे माझं ठाम मत आहे, कारणं पुढे येतीलच. पण त्याहून जास्त राग मला दुसऱ्याच गोष्टीचा येतो. ज्यानं पैसे मोजून, जीएसटीचं बिल घेऊन सॉफ्टवेअर घेतलं, त्याचंच काम लॉकमुळे अडतं. क्रॅकवाल्याच्या कॉपीतून लॉक आधीच काढलेला असतो.

हार्डवेअर लॉकचंच घ्या, म्हणजे संगणकाच्या पोर्टात खोचायचा तो छोटा तुकडा, जो नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही. सकाळी मशीन चालू केलं की स्क्रीनवर 'की नॉट फाउंड', हास्प या ब्रँडच्या लॉकला बहुतेक वेळा एच0007 हा एरर. लगेच सॉफ्टवेअर काढून परत टाकायला बसू नका. आधी लॉकवरचा दिवा बघा. दिवा बंद असेल तर पुढच्या पॅनेलचा पोर्ट सोडून मागे मदरबोर्डच्या पोर्टात लावा, हबमधून तर अजिबात नको. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, 1947 (localhost:1947) टाका. तिथल्या पानावर लॉक दिसत असेल तर ड्रायव्हर ठीक आहे, घोळ सॉफ्टवेअरच्या बाजूला आहे. पानच उघडत नसेल तर लॉकची सर्व्हिस बंद पडली आहे. काम करता करता मध्येच लॉक गायब होत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. वीज वाचवायला विंडोज पोर्ट झोपवतं. आणि विंडोज 11 वर गेल्यावर जुना लॉक ओळखेनासा झाला तर विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटेग्रिटी तपासा. ती हास्पचे जुने ड्रायव्हर अडवते. ती बंद करून सुरक्षा कमी करण्यापेक्षा कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घ्या.

पॅरलल पोर्टचा (जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टात बसणारा), 25 पिनांचा लॉक असेल तर यूएसबी-पॅरलल केबल घेऊन पैसे घालवू नका. ती केबल विंडोजला प्रिंटर म्हणून दिसते. जुनं सॉफ्टवेअर थेट 378 या पत्त्यावर पोर्ट शोधतं आणि तिथं काहीच सापडत नाही. पीसीआय एक्सप्रेस कार्डालाही बहुधा वेगळा पत्ता मिळतो. अशा लॉकसाठी मदरबोर्डवरच पोर्ट असलेलं जुनं मशीन, नेटपासून तोडून, जपून ठेवणं हीच खरी जोडणी.

मुदतीच्या लायसन्सचं दुखणं वेगळं आणि ते मदरबोर्डवरच्या सीआर2032 सेलमधून, म्हणजे संगणकाचं घड्याळ चालू ठेवणाऱ्या बटणासारख्या बॅटरीतून, सुरू होतं. सेल संपला की रात्री मेन स्विच बंद केल्यावर घड्याळ मागे जातं, सकाळी लायसन्स म्हणतं तारखेत फेरफार झाला. इथं क्रम महत्त्वाचा आहे: तारीख दुरुस्त केल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडू नका. काही लायसन्स शेवटची पाहिलेली तारीख लपवून लिहून ठेवतात. चुकून पुढची तारीख पडली आणि तेव्हा सॉफ्टवेअर एकदा जरी उघडलं, तर नंतरची खरी तारीखही त्यांना मागची वाटते, मग कंपनीकडून रीसेट आणावा लागतो. सेल बदलण्याआधी बायोस सेटिंगचे (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगचे) मोबाइलवर फोटो काढा, सेल काढला की ती पुसली जाऊ शकतात. हार्डडिस्कचा मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही. किरकोळ किमतीच्या सेलपायी अख्खा दिवस जॉब थांबतात आणि प्रामाणिक माणसाला फोनवर चोरासारखी उलटतपासणी द्यावी लागते. हे मला मान्य नाही.

लायसन्स नेटवरून तपासणारा कंपनीचा सर्व्हर बंद झाला तर काय? ॲडोबीनं सीएस2 (फोटोशॉप वगैरेंचा जुना संच) चे ॲक्टिवेशन सर्व्हर बंद केले तेव्हा 2013 साली ॲक्टिवेशन न लागणारी आवृत्ती ग्राहकांना दिली. असंच वागायला हवं. उलट सेफडिस्क या कॉपी रोखणाऱ्या लॉकच्या जुन्या गेम सीडी विंडोज 10 वर चालतच नाहीत, कारण त्याचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेसाठी काढला. ड्रायव्हर धोकादायक होता हे खरं, पण सीडी विकत घेणाऱ्याचा त्यात काय दोष?

म्हणून क्रॅक मारायचा का? नाही. "आधी अँटिव्हायरस बंद कर" ही क्रॅकवाल्याची पहिलीच सूचना असते, तिथंच थांबा. स्टॉप-डिजेव्हीयू हे फायली कुलूपबंद करणारं रॅन्समवेअर अशाच क्रॅक आणि कीजेनमधून पसरलं. ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे, जीएसटी पोर्टलचे पासवर्ड उचलणारे प्रोग्रामही याच वाटेनं येतात. आणि पुढे ओरिजिनल घेतलं तरी जुना क्रॅक पाठ सोडत नाही. त्यानं होस्ट्स फाईलमध्ये (कुठला सर्व्हर कुठं आहे हे विंडोजला सांगणारी यादी) कंपनीच्या सर्व्हरची वाट अडवणाऱ्या ओळी घातलेल्या असतात, म्हणून खरी की टाकूनही ॲक्टिवेशन फेल होतं. विंडोज, सिस्टिम32, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरातली ती फाईल उघडून त्या ओळी काढा, फायरवॉलचे नियम बघा, डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसच्या एक्सक्लुजन यादीत (जे तपासायचं नाही त्यात) क्रॅकनं काय घुसवलंय तेही तपासा. खरं तर विंडोज नव्यानं टाकणंच बरं.

कायदाही माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा 1957, कलम 63 बी: चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं. दुकानदाराला ती सवलत नाही. त्याच कायद्याचं कलम 52 मात्र कायदेशीर प्रत असलेल्याला, ती हरवली-बिघडली तर म्हणून बॅकअप काढायचा हक्क देतं. हे विकणारा कधी सांगत नाही.

आपल्याकडे आणखी एक भीती पाण्याची. 2019 आणि 2021 ला शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरच्या दुकानांत पूर शिरला. बिघडलेला लॉक बऱ्याच कंपन्या परत घेऊन बदलून देतात, पण हरवलेला लॉक म्हणजे लायसन्सच गेलं, अशी अट अनेकांची असते. तेव्हा विम्यात लॉक वेगळी वस्तू म्हणून, सॉफ्टवेअरच्या पूर्ण किमतीला लिहून मागा. लॉकचा सिरियल नंबर आणि बिलाचा फोटो दुकानाबाहेर कुठंतरी ठेवा.

आणि खरेदीआधी डीलरला तीन प्रश्न विचारा: लॉक हरवला तर काय, मशीन बदललं तर लायसन्स किती वेळा हलवता येतं, सर्व्हर बंद झाला तर लॉकविना चालणारी आवृत्ती देणार का. उत्तरं ईमेलवर, कंपनीच्या नावानं घ्या. डीलर बदलला तर त्याचा तोंडी शब्द पुढचा मानत नाही.