पायऱ्यांकडे बघून हसा, बघू रॅम्प होतो का

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर पुन्हा तोच फोटो. कृत्रिम पायांवर धावणारं एक लहान पोर आणि खाली ठळक अक्षरात 'तुमची सबब काय?' त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

माझी ताई लहानपणापासून कॅलिपर लावायची, आता व्हीलचेअर वापरते. बँकेत नोकरी, दोन पोरं, संध्याकाळी भाजी काय करायची ही कटकट. चारचौघींसारखीच. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका मंडळानं तिला 'जिद्द' म्हणून पुरस्कार दिला. कशाबद्दल, ते निवेदकालाही धड सांगता येईना. स्टेजला सात पायऱ्या. चार पोरांनी तिला खुर्चीसकट उचललं, खालून टाळ्या! तिची एक चप्पल तिसऱ्या पायरीवर गळून पडली. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, अशी शाल-श्रीफळ घेत होती बिचारी. (बिचारी म्हटलेलं तिला चालत नाही. सॉरी ताई.)

तेव्हा मला स्टेला यंग माहीत असायला हवी होती. ऑस्ट्रेलियातली स्टँडअप कॉमेडियन, व्हिक्टोरियातल्या स्टॉवेल गावची. जन्मापासून हाडं ठिसूळ. चौदाव्या वर्षी ही बया गावच्या मेन रोडवर कुठल्या दुकानात व्हीलचेअर शिरते, कुठल्या नाही, हे तपासत फिरली होती. पंधराव्या वर्षी असाच गावचा पुरस्कार तिलाही मिळावा, तिचं नाव सुचवू या, असं कुणी तरी तिच्या आईबापांना म्हणालं. आईबाप म्हणाले, छान, पण तिनं अजून तसं काही केलेलंच नाही! आमच्या आईनं ताईची ट्रॉफी शोकेसमध्ये मधोमध ठेवलीय.

पुढे स्टेला शाळेत शिकवायला लागली. तास सुरू होऊन वीसेक मिनिटं झाल्यावर एका पोरानं विचारलं, मिस, तुमचं भाषण कधी? व्हीलचेअरवरचं माणूस शाळेत येतं ते प्रेरणा द्यायलाच, शिकवायला कसं येईल!

२०१४ मध्ये सिडनीत 'टेडएक्स' या भाषणांच्या कार्यक्रमात तिनं असल्या फोटोंना सरळ 'इन्स्पिरेशन पॉर्न' म्हटलं, म्हणजे बाकीच्यांना बरं वाटावं म्हणून अपंग माणसाला वस्तूसारखं वापरणं. शब्द झोंबतोय? झोंबू दे. पायऱ्यांकडे बघून कितीही हसलं तरी त्यांचा रॅम्प होत नाही, असं म्हणाली ती. मला लगेच ती तिसरी पायरी दिसते आणि तिच्यावर पडलेली चप्पल.

बरं, फॉरवर्ड करणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, मान्य. त्यात माझी आईपण आहे.

त्याच वर्षी मेलबर्नच्या कॉमेडी फेस्टिव्हलमध्ये स्टेलाच्या एकटीच्या शोला नवोदितांमधला सर्वोत्कृष्ट पुरस्कार मिळाला. हा मात्र विनोदाबद्दल. लोकांना हसवलं म्हणून. आणि त्याच डिसेंबरात ती अचानक गेली. वय ३२. ऐंशी वर्षांच्या स्वतःला तिनं पत्र लिहून ठेवलं होतं. हे टाइप करताना राग उतरला माझा, खोटं कशाला बोलू.

मघाशी ताईचा फोन येऊन गेला. मंडळानं यंदा तिला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलंय. तिनं अध्यक्षांना एवढंच विचारलं, पायऱ्या किती आहेत?

"काळजीच करू नका ताई, पोरं आहेत आपली!"