सेन्सरवर फुंकर मारण्याआधी

सोमवती अमावास्येला जेजुरीहून परतलं की फोटोग्राफर मंडळींच्या ग्रुपवर एक संदेश फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: फोटोत डाग दिसला म्हणजे सेन्सरवर, म्हणजे लेन्समागच्या प्रतिमा टिपणाऱ्या चिपवर, धूळ बसली. हलकी फुंकर मारा, नाही गेली तर कॉम्प्रेस्ड एअरचा कॅन, तरीही नाही गेली तर इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून पुसा. ऑटो क्लीनिंगवाल्या कॅमेऱ्याला यातलं काही लागत नाही. आणि सर्व्हिस सेंटरला जाऊ नका, ते उगाच पैसे उकळतात. शेवटच्या वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच बाकीच्या सल्ल्यांवर लोक विश्वास ठेवतात.

‘डाग दिसला म्हणजे सेन्सरवर धूळ.’ आधी डाग कुठे दिसला ते बघा. डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, दिसणारा कण फोकसिंग स्क्रीनवर किंवा आरशावर असतो, तो फोटोत येत नाही. फोटोतला डाग लेन्स बदलल्यावरही त्याच जागी राहिला, तरच सेन्सरवर संशय घ्यायचा. खरं तर कण सेन्सरवर बसतच नाही. सेन्सरच्या पुढे फिल्टरची काच असते, तिच्यावर बसतो. म्हणून त्याची सावली पडते, आणि ती किती ठळक पडेल हे अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, ठरवतं. काच सेन्सरपासून १ मिलिमीटरवर आहे असं धरलं, तर एफ/२.८ ला (मोठं छिद्र) सावलीची कड सुमारे ०.३६ मिमी पसरते, एफ/२२ ला (बारीक छिद्र) जेमतेम ०.०४५ मिमी. मोठ्या छिद्राने काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये कधीच न दिसलेला कण बारीक छिद्राने काढलेल्या गडाच्या फोटोत निरभ्र आकाशात अचानक उमटतो, तो यामुळे. त्यादरम्यान नवीन धूळ आलेली असेलच असं नाही.

तपासायचं असेल तर आयएसओ १००, एफ/२२, फोकस पूर्ण बिघडवलेला, समोर कोरा पांढरा स्क्रीन. शटर उघडं असताना कॅमेरा थोडा हलवा. बाकी सगळं पुसट होतं, सेन्सरसमोरचे कण तेवढे स्पष्ट राहतात.

‘हलकी फुंकर मारा.’ हे वाचून माझा जीव खालीवर होतो, कारण मी हे केलेलं आहे. भंडाऱ्याचे दोन कोरडे कण होते, फुंकरीनंतर त्यांच्या शेजारी थुंकीचे थेंब वाळून बसले. कोरडा कण हवेने उडाला असता. वाळलेला थेंब उडत नाही, पुसावाच लागतो. भंडारा म्हणजे हळद. ओल्या हळदीचं काय होतं ते प्रत्येक घरात माहीत आहे.

कॅनबद्दल थोडक्यात: त्यात दाबाखाली द्रवरूप वायू असतो. कॅन तिरका झाला किंवा हलला की तो द्रव थेट काचेवर उडतो, अतिशय थंड असतो आणि डाग सोडतो. शिवाय त्याचा झोत नाजूक शटरला झेपेलच असं नाही.

इअरबडचा सल्ला सगळ्यांत घातक आहे. कापसाचे तंतू सुटतात, आणि कठीण कण काचेवरून फरफटत नेला की कोटिंगवर ओरखडा उमटतो. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, ते वाळताना ओघळ ठेवतं. वर हळदीचा रंग पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये चांगला विरघळतो, म्हणजे एका कणाचा पिवळा पट्टा होणार.

‘ऑटो क्लीनिंग असेल तर काळजी नको.’ ऑलिंपस कंपनीने २००३ साली ई-१ कॅमेऱ्यात ही सोय आणली, नंतर बहुतेकांनी स्वीकारली. ही सोय सेन्सरपुढची काच अतिवेगाने थरथरवते. कोरडी धूळ झडते, चिकटलेला कण किंवा तेलाचा थेंब तिथेच राहतो.

आता सर्व्हिस सेंटर. प्रत्येक कणासाठी तिकडे धावायची गरज नाही, हे मला मान्य आहे. घड्याळवाले वापरतात तसा हाताने दाबायचा रबरी ब्लोअर घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज करा, कारण मध्येच संपली तर आरसा आणि शटर खाली येतात. डीएसएलआर असेल तर मेन्यूतून सेन्सर क्लीनिंग निवडा म्हणजे आरसा वर जातो, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करा. ब्लोअर आधी बाहेर चार-पाच वेळा दाबून त्यातली धूळ काढा, मग टोक माउंटच्या (लेन्स बसते त्या तोंडाच्या) आत न नेता हवा मारा आणि पुन्हा पांढऱ्या स्क्रीनचा फोटो काढा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. उरलेला एखादा डाग एडिटिंगमध्ये काढला तरी चालतो.

ब्लोअरनंतरही डाग हललाच नाही, तरच ओली सफाई. त्यासाठी सेन्सरच्या मापाचा सीलबंद स्वॅब (पुसायची मऊ पट्टी) मिळतो, फुल फ्रेमला (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरला) २४ मिमी रुंदीचा, सोबत सेन्सरसाठीचंच द्रावण. एका दिशेने एकदा, स्वॅबच्या दुसऱ्या कडेने उलट एकदा, की तो स्वॅब टाकून द्यायचा. हात थरथरत असेल किंवा पहिलीच वेळ असेल, तर मात्र पैसे देऊन जाणकाराकडून करून घ्या.

डाग शोधताना एक ध्यानात ठेवा: सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते. फोटोत वर डावीकडे दिसणारा कण, कॅमेरा सरळ धरून माउंटमधून पाहिलं तर खाली डावीकडे सापडतो.