एम.ए., बाहेरून

रविवारी सकाळी पावणेआठला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खांद्याला शबनम लटकावून घराबाहेर पडायचे. शबनममध्ये पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली आणि वरून उलटायची असते ती स्टेनोची वही. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात असल्या गोष्टी लपत नाहीत. तिसऱ्या रविवारी तळमजल्यावरच्या काकूंनी आईला जिन्यात गाठलंच.

"भाऊजी हल्ली रविवारचे कुठे जातात हो?"

"कॉलेजला," आई म्हणाली.

काकू दोन पायऱ्या खाली उतरल्या आणि परत वर आल्या. "या वयात?"

"स्वतःच्या नाही हो, मुलीच्या."

यातून काकूंना नेमकं काय कळलं देव जाणे, पण संध्याकाळपर्यंत मी नापास झाल्याची बातमी चौथ्या मजल्यापर्यंत पोचली होती.

नापास व्हायला मी परीक्षेला बसलेली तरी असायला हवी होते! मी त्या वेळी थायलंडमध्ये, खोन केन नावाच्या शहरात, एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. सकाळी आठला झेंडा, राष्ट्रगीत, आणि मग बेचाळीस पोरांचं सुरात ओढलेलं 'गुऽऽड मॉर्निंऽऽग टीऽऽचर'. शाळा बरी होती, माणसं त्याहून बरी. कुणीही भेटलं की 'जेवलीस का?' हेच पहिलं विचारणार, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच मला सासुरवाशिणीचं माहेर सापडल्यासारखं झालं. अडचण एकच होती. जिकडेतिकडे जाहिराती 'नेटिव्ह स्पीकर' मागणाऱ्या. विक्रोळीत जन्मलेल्या माणसाला इंग्रजीचा नेटिव्ह होता येत नाही. त्याला फक्त एम.ए. होता येतं. म्हणून मी आपल्याकडच्या एका विद्यापीठात इंग्रजीच्या एम.ए.ला दूरशिक्षणाने नाव घातलं.

आमच्या घराण्यात याला 'बाहेरून करणं' म्हणतात. मावशी बी.ए. बाहेरून झाली, थोरल्या काकांनी बी.कॉम. बाहेरून तीनदा दिलं. मी तर देशाच्याच बाहेरून करत होते. पत्ता मात्र विक्रोळीचा दिला होता, आणि त्या एका ओळीने बाबांचं निवृत्त आयुष्य पालटलं.

आधी पुस्तकं आली. पोस्टमनने गठ्ठा दारात ठेवला तेव्हा आईला वाटलं, गावाहून तांदूळ आले. बाबांनी दोरी न कापता गाठ सोडली (दोरी कापणं आमच्याकडे पाप), पुस्तकांना खाकी कव्हरं घातली आणि पानन् पान मोबाइलवर काढून मला पाठवायला घेतलं. प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात बाबांचा अंगठा. 'साहित्यसमीक्षेचा परिचय' या पुस्तकातला चौथा मुद्दा कायम त्या अंगठ्याखाली असायचा. चौथा मुद्दा काय होता ते मला आजही माहीत नाही.

मग कळलं की दर रविवारी अभ्यास केंद्रावर संपर्क सत्र असतं. हजेरी सक्तीची नव्हती. मी म्हटलं, सुटलो. बाबा म्हणाले, "फी भरल्ये ना आपण?"

इथे बाबांचा पेशा सांगितला पाहिजे. ते सरकारी कचेरीतून स्टेनो म्हणून निवृत्त झाले. तरुणपणी दादरच्या एका क्लासात पिटमन शॉर्टहँड, म्हणजे बोलणं रेघांनी झरझर उतरवायची लिपी, शिकले आणि मिनिटाला शंभर शब्दांची परीक्षा पहिल्या झटक्यात सुटले. त्या काळी मराठी घरात हे प्रमाणपत्र लग्नाच्या बोलणीत काढून दाखवत. निवृत्तीनंतर हाताला काम नाही म्हणून ते टीव्हीवरच्या बातम्या शॉर्टहँडमध्ये उतरवायचे आणि जेवताना आईला वाचून दाखवायचे. आईने त्या आधीच ऐकलेल्या असायच्या.

तर असा हा माणूस शेवटच्या बाकावर जाऊन बसला. पहिल्याच तासाला सरांनी दूरशिक्षणाचा इतिहास सांगितला. 1840 साली इंग्लंडात एक पेनीत कुठेही पत्र जायची सोय झाली आणि आयझॅक पिटमन बाथ गावात बसून पोस्टाने शॉर्टहँड शिकवायला लागला. धडा जायचा, उत्तर यायचं, तपासून परत जायचं. बाबांनी रात्री फोन केला तेव्हा तिकडे साडेअकरा वाजले होते. "अगं, हे सगळं आपल्या पिटमनचं आहे!" जणू पिटमन आमच्या गावचा. पुढे 1858 पासून लंडन विद्यापीठ बाहेरून परीक्षा घ्यायला लागलं, 1962 मध्ये दिल्ली विद्यापीठाने पोस्टाने अभ्यासक्रम सुरू केले, हेही त्यांनी सांगितलं. पण त्यात त्यांना पिटमनइतका रस नव्हता. लंडन विद्यापीठाने त्यांना नोकरी दिली नव्हती.

दर रविवारी रात्री व्याख्यानाचं वाचन होई. स्टेनोचा धर्म असा की साहेबाच्या तोंडून जे निघेल ते उतरवायचं, गाळायचं काही नाही. त्यामुळे माझ्या नोट्स अशा असायच्या: "कवितेचा अर्थ शब्दांच्या पलीकडे असतो, अहो तो पंखा वाढवा जरा, पलीकडे म्हणजे कुठे, मागच्या बाकावर काय चाललंय, तर या प्रश्नाला तीन उत्तरं संभवतात."

"बाबा, पंख्याचं गाळा ना."

"डिक्टेशनमध्ये गाळायचं नसतं. साहेबांना हवं तर साहेब गाळतील."

साहेब म्हणजे मी. आणि साहेबांना झोप आलेली असायची. हाताने लिहून पाठवायच्या माझ्या एका असाइनमेंटमध्ये, तिसऱ्या पानावर, शुद्ध इंग्रजीत, पंख्याचा वेग वाढवावा अशी विनंती गेली. तपासून आली तेव्हा शेजारी लाल शाईत नुसतं प्रश्नचिन्ह होतं. मार्क कापले नव्हते. सरांना ते आधुनिक वाटलं असावं.

दुसरा घोळ शॉर्टहँडचा. वेगात लिहिताना स्वर गाळतात, व्यंजनांच्या रेघा तेवढ्या राहतात, आणि संदर्भावरून शब्द ओळखायचा. सरकारी पत्रात हे जमतं, कारण सरकारी पत्रात काय असणार ते आधीच ठरलेलं असतं. कवितेत नाही जमत. म, ट, र एवढं कागदावर आहे. बाबा चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, "सर म्हणाले, कवितेत मॅटर महत्त्वाचं. नाही, थांब. मीटर महत्त्वाचं." मागून आईचा आवाज: "मटार आणायचेत, ते सांगितलं होतं मी." मी अर्धं पान मॅटरवर लिहिलं, अर्धं मीटरवर. दोन्ही बाजू मांडल्याबद्दल शेरा चांगला मिळाला.

पण ध्वनिशास्त्राचा पेपर आला आणि माझी बोलती बंद झाली. घोष ध्वनी, अघोष ध्वनी, आकृत्या, घशाचे उभे छेद. मी ते फोटो, अंगठ्यासकट, तीनदा वाचले. बाबा म्हणाले, "यात काय आहे? प बारीक, ब जाड."

मला वाटलं, उन्हाने झालं असेल.

"अगं, पिटमनमध्ये 'प'ची रेघ बारीक काढायची. तीच, त्याच दिशेने, दाबून जाड काढली की 'ब'. त बारीक, द जाड. क बारीक, ग जाड. फ बारीक, व जाड. घशात कंप असला की जाड. सर आज दोन तास हेच सांगत होते. मी चाळीस वर्षं पेन्सिलीने हेच करतोय."

व्हिडिओ कॉलवर त्यांनी पेन्सिल घेऊन दाखवलं. एक आडवी रेघ, केसासारखी. खाली दुसरी आडवी, टोक दाबून. "ही क. ही ग." शिसाचा कर्र आवाज फोनमधून मला ऐकू आला. त्या दोन रेघांत अख्खं युनिट बसलं होतं.

हे मला सोमवारीच कामी आलं. आमच्या वर्गातल्या पोरांच्या नावांबद्दल सांगायचं राहिलं. थाई माणसाला एक मोठं नाव असतं आणि एक हाक मारायचं, आणि ते हाक मारायचं नाव कशावरूनही ठेवतात. माझ्या वर्गात एक बँक होता, एक गोल्फ होता, एक बिअर नावाची अत्यंत सज्जन मुलगी होती. बँक स्वतःला 'बँग' म्हणायचा आणि गोल्फ स्वतःचं नाव 'कॉप' असं सांगायचा, कारण थाईत आपल्यासारखा ग नाहीच. त्यांच्याकडे क आणि ख. त्यामुळे इंग्रजी 'गोट' म्हणजे शेळी तिचा व्हायचा 'कोट', आणि घालायचा कोट व्हायचा 'खोट'. 'माझा कोट गवत खातो' हे वाक्य मी महिनाभर ऐकत होते.

मी फळ्यावर बारीक रेघ काढली, खाली जाड रेघ काढली, आणि सगळ्यांना गळ्यावर हात ठेवायला लावला. बेचाळीस पोरं गळा धरून घुमायला लागली. शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. तासाच्या शेवटी गोल्फ उठला, गळा दाबला, डोळे मिटले आणि स्वतःचं नाव 'ग'ने म्हणाला. टाळ्या पडल्या. व्ही आणि डब्ल्यूच्या बाबतीत मात्र त्यांचं आणि माझं पूर्ण एकमत होतं. थाईत व्ही नाही, मराठीत दोघांना मिळून एकच व. तो विषय आम्ही कुणीच काढला नाही.

2019च्या एप्रिलमध्ये, थाई शाळांना उन्हाळ्याची सुटी लागल्यावर, मी परीक्षेसाठी मुंबईला आले. तिकडे सोंगक्रान चालू होतं, म्हणजे आपली संक्रांतच, पण तिळगुळाऐवजी पिचकाऱ्या. ओल्या कपड्यांनी विमानतळ गाठला आणि इथे उतरल्यावर घामाने ओली झाले, एवढाच फरक. आल्याआल्या कळलं की माझा परीक्षेचा फॉर्म अडकलाय. उशिरा भरल्याचं कारण हवं, कारणाचा पुरावा हवा. पुरावा होता: शाळेचं सहीशिक्क्याचं पत्र, की या बाई आमच्याकडे कामावर होत्या.

खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी पत्र उलटसुलट केलं. "हे 2562 काय आहे?"

"साल."

"कुठलं?"

"हेच. तिकडे बुद्धाच्या निर्वाणापासून मोजतात. आपल्यापेक्षा 543 पुढे."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आमच्याकडे शके 1941 चालू आहे."

"ते 78 मागे असतं," बाबा माझ्या खांद्यावरून म्हणाले.

"म्हणजे या मॅडम 2562 पर्यंत कामावर आहेत," गृहस्थांनी पत्र खाली ठेवलं, "आणि तुम्हाला लेट फी 2019 ची माफ करून हवी."

मी महिन्याचं नाव समजावायला गेले. पत्रात थाई अक्षरांत मार्चला 'मीनाखोम' लिहिलं होतं, मीन राशीवरून. ते चुकलंच. गृहस्थ म्हणाले, "आता राशी पण बघायची का?"

मला बाजूला सारून बाबांनी एक कोरा फूलस्केप मागितला आणि उभ्याउभ्या अर्ज लिहिला. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सोबत जोडलेल्या पत्रातील वर्ष हे बौद्ध संवत्सरानुसार असून त्यामधून 543 वजा केले असता चालू वर्ष प्राप्त होते. सबब योग्य तो आदेश व्हावा, ही विनंती.' खाली 'सहपत्र : एक'.

गृहस्थांनी तो वाचला. चष्मा काढला. "कुठल्या खात्यात होतात साहेब?" मग निघाले दोघांच्या ओळखीचे एक डेप्युटी सेक्रेटरी, आले दोन कटिंग, आणि लागला त्यावर शिक्का. मी अर्धा तास बाकड्यावर. लेट फी भरावी लागलीच, पण फार आदराने घेतली.

परीक्षेचं केंद्र हार्बर लाइनवरचं एक कॉलेज. मे महिना, सकाळचे सव्वानऊ, आणि गाडीतून उतरतानाच माझी ओढणी आणि उरलेला आत्मविश्वास डब्यात राहिलेला. गेटवर पोचतो न पोचतो तोच चारी बाजूंनी हाका. "काका आले! काका, युनिट सहा येणार का? काका, तुमचं ते जाडबारीक परत एकदा सांगा ना." बँकेत नोकरी करणारे, लहान मुलांच्या आया, एक पोलीस हवालदार, सगळे बाबांभोवती. बाबा हवेत बोटाने रेघा काढत होते. त्यांच्या नोट्सची झेरॉक्स प्रत्येकाच्या हातात होती. पंख्यासकट.

एका मुलीने मला पाण्याची बाटली पुढे केली. "तुम्ही काकांच्या कोण?"

"मुलगी."

"किती छान! म्हणजे मुद्दाम सोडायला आलात त्यांना?"

खुलासा करायला मी तोंड उघडलं आणि घंटा झाली. घोळका आत सरकला, मधोमध बाबा, अजून क आणि ग सांगत. वॉचमन बाजूला झाला, "या काका, या." मी मागोमाग पाऊल टाकलं तर त्याने हात आडवा घातला. "मॅडम, बरोबरच्या लोकांनी बाहेर थांबायचं."

"मीच आहे परीक्षेला."

"हॉल तिकीट?"

हॉल तिकीट शबनममध्ये होतं. शबनम बाबांच्या खांद्याला होती. आणि बाबा जिना चढून पहिल्या मजल्यावर पोचले होते.