लैंगिक आजारांच्या तपासणीला जाताना तारीख सोबत न्या

लोकलच्या डब्यात ‘गुप्तरोग, गॅरंटीने इलाज’ची स्टिकरं वर्षानुवर्षं चिकटलेली आहेत. हा धंदा एकाच भीतीवर चालतो: सरकारी दवाखान्यात गेलो तर गावभर होईल. माझं मत उलट आहे. सरकारी आयसीटीसी या चाचणी केंद्राइतकी नीट आणि तोंड बंद ठेवणारी जागा या कामासाठी दुसरी नाही. तिथे जाताना लाज वाटली तरी चालेल, पण शेवटचा असुरक्षित संबंध कधी आला ती तारीख पाठ हवी. चाचणीचा अर्थ त्या तारखेवर ठरतो.

आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. जिल्हा रुग्णालयात असतं, मेडिकल कॉलेजांत असतं. मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून. नुसती एचआयव्ही चाचणी हवी असेल तर थेट जा, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, पैसे लागत नाहीत. जवळचं केंद्र कुठे हे १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येतं. जखम, स्राव, जळजळ असं काही असेल तर ‘त्वचा व गुप्तरोग’ ओपीडी किंवा ‘सुरक्षा क्लिनिक’. केसपेपरच्या खिडकीवर मागच्या रांगेला ऐकू जाईल असं काही बोलायची गरज नाही. ‘स्किन’ म्हणा, पुरे. त्या रांगेत नायटा आणि खरूजवालेच जास्त असतात, तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

आत समुपदेशक एकेकट्याला घेतात. प्रश्न थेट असतात: कंडोम होता का, फाटला का, जोडीदार किती, संबंध योनीमार्गे, तोंडाने की गुदमार्गाने, स्त्रीशी की पुरुषाशी. हे चौकशीखातर नसतं. घशात किंवा गुदद्वारात बसलेला परमा (गोनोरिया) लघवीच्या तपासणीत सापडत नाही. तिथला नमुना घ्यायचा हे डॉक्टरला तुमच्या उत्तरावरूनच कळतं. इथे खोटं बोललात तर रिपोर्टही खोटाच निघणार.

एचआयव्हीची पहिली रॅपिड चाचणी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह (म्हणजे काही आढळलं नाही) आली की त्या दिवसापुरता विषय तिथेच थांबतो. रिअ‍ॅक्टिव्ह आली तर त्याच रक्तावर वेगळ्या किटने दुसरी आणि तिसरी होते, आणि तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. त्यामुळे एखाद्या खासगी लॅबच्या एका कार्डावर उमटलेली रेघ बघून कुणी आयुष्य संपल्यासारखं वागू नये. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. संबंधानंतर दहा दिवसांत केलेली ‘निगेटिव्ह’ चाचणी म्हणजे जवळजवळ कोरा कागद, कारण अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं) तयार व्हायलाच आठवडे लागतात. पी-२४ अँटिजेन, म्हणजे विषाणूचाच एक भाग, धरणारी लॅबची चाचणी साधारण ४५ दिवसांत भरवशाची होते, रॅपिड मात्र तीन महिन्यांनी पुन्हा करायची. आणि संबंध येऊन ७२ तास उलटले नसतील तर चाचणीची वाट बघत बसू नका. तडक अपघात विभागात किंवा एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र) जाऊन पीईपीबद्दल, म्हणजे लागण टाळणाऱ्या गोळ्यांबद्दल, विचारा. गोळ्या २८ दिवस घ्यायच्या असतात आणि जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं.

आता गरमी, म्हणजे सिफिलिस. लोक एचआयव्हीला घाबरतात आणि हिला विसरतात. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी (९ ते ९० दिवसांत कधीही) एक जखम होते. ती दुखत नाही, आणि घोळ तिथेच होतो. तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप भरते, माणूस सुटलो म्हणतो, आजार मात्र आत चालू राहतो. तपासणी आरपीआर नावाच्या रक्तचाचणीची. पांढऱ्या कार्डावरच्या गोल खणात थेंबभर सीरम, त्यात कोळशाचे बारीक कण असलेलं अँटिजेनचं द्रावण, आणि कार्ड आठ मिनिटं गोल फिरवायचं. सगळं एकसारखं राखाडी राहिलं तर नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. काळे कण गोळा होऊन गुठळ्या दिसल्या तर रिअ‍ॅक्टिव्ह. मग सीरम पातळ करत बघतात, गुठळ्या कुठवर दिसतात: १:२, १:४, १:८. जखम अगदी ताजी असेल तर ही चाचणी चुकू शकते. गरोदरपणात किंवा मलेरियात खोटी रिअ‍ॅक्टिव्हही येते, म्हणून टीपीएचए ही गरमीच्या जंतूची खास चाचणी जोडीला लागते. टीपीएचए मात्र बरं झाल्यावरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्हच राहते. ती बघून पुन्हा पुन्हा इंजेक्शन घेणारे आणि देणारेही आहेत.

सगळ्यात जास्त वाट लागते मेडिकलच्या काउंटरवर. जखमेवर स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की तिचं रूप बदलतं आणि डॉक्टरला ओळखता येत नाही. परम्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन आता चालत नाही, तरी लोक घेतात. स्राव थोडा कमी होतो, जंतू तसाच. तपासणीआधी काही लावू नका, कुठली गोळी घेतली असेल तर रॅपर घेऊन जा. स्राव असेल तर आधी निदान दोन तास लघवी करू नका, नाहीतर नमुन्यात काही उरत नाही.

खासगी लॅबच्या ‘फुल एसटीडी पॅकेज’बद्दल माझा राग जुना आहे. त्यात हर्पिस या फोड आणणाऱ्या आजाराचं आयजीएम (एक अँटिबॉडी चाचणी) हमखास घुसवलेलं असतं, ज्यावरून काहीही ठरत नाही, घबराट तेवढी होते. रक्तात परमा किंवा क्लॅमिडिया (परम्यासारखाच स्राव आणणारा जंतू) दिसत नाही, त्याला लघवी किंवा स्वॅब (काडीने घेतलेला नमुना) लागतो. शिवाय रिपोर्ट जातो नोंदवलेल्या मोबाइलवर, आणि तो नंबर पूर्वी आईच्या शुगरसाठी दिलेला घरचा असतो. गुप्तता फुटते ती अशी.

कायद्याचं म्हणाल तर एचआयव्ही-एड्स कायदा २०१७चा, लागू १० सप्टेंबर २०१८पासून. संमतीशिवाय चाचणी नाही, परवानगीशिवाय कुणाला सांगणं नाही, नोकरीसाठी चाचणीची अट घालता येत नाही. हे खासगी दवाखान्यालाही लागू आहे. १८ वर्षांखालील मुलांचं मात्र वेगळं: पालकांची संमती लागते, आणि पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं.

उपचाराच्या गोळ्या रंगीत पाकिटांत मिळतात, लक्षणानुसार रंग वेगळा. मित्राचं पाकीट तुमच्या कामाचं नाही. सुरुवातीच्या गरमीला बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, सहसा दोन्ही कुल्ल्यांत अर्धं अर्धं. इंजेक्शन दुखतं, आधी अ‍ॅलर्जी विचारतात. त्याच रात्री ताप, थंडी, अंगदुखी झाली तर बऱ्याचदा ती जंतू मरण्याची प्रतिक्रिया असते आणि दिवसभरात उतरते. पुरळ किंवा धाप असेल तर मात्र लगेच दवाखाना. जोडीदाराचा उपचार टाळला तर सगळी मेहनत पाण्यात, कारण तोच जंतू परत येतो. दोघांचं औषध झाल्यावर निदान सात दिवस संबंध बंद.

गरमीच्या उपचारानंतर आरपीआर पुन्हा ३, ६ आणि १२ महिन्यांनी. १:८चं १:२ झालं, दोन पायऱ्या उतरलं, म्हणजे औषध लागू पडलं. १:८चं १:४ झालं, एकच पायरी उतरलं, तर एवढ्यावरून काही म्हणता येत नाही. म्हणून पहिला रिपोर्ट फाडून टाकू नका, घरी ठेवायची भीती वाटत असेल तर तारीख आणि तो आकडा तेवढा कुठेतरी लिहून ठेवा.