आप्पांचा कौल

शनिवारी रात्री जेवणे आटोपली की आमच्या गच्चीवर सतरंजी पसरली जाते, टेबलफॅनची वायर जिन्यातून वर ओढली जाते आणि धुळ्याच्या देवपुरातील चार सज्जन माणसे तलवारी, मंत्र व राक्षस यांच्या राज्यात प्रवेश करतात. १९७४ साली अमेरिकेत प्रथम छापल्या गेलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची ही आमची खानदेशी शाखा होय. यात प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचे, बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची आणि पात्राचे जमते की फसते ते फाशाच्या आकड्यावरून, मोठा तितका बरा, ठरवायचे. खेळ चालवणारा, म्हणजे गोष्ट रचून राक्षसांपासून देवांपर्यंत सर्वांच्या वतीने बोलणारा डन्जन मास्टर, मी असतो. भाची विझार्ड, म्हणजे जादूगार, होते, बी-बियाण्यांचे दुकान चालवणारा मेहुणा योद्धा होतो आणि शेजारचे आप्पा देवाचे उपासक, म्हणजे क्लेरिक, होतात. या खेळातल्या राक्षसांचा त्रास मला कधी झाला नाही, कारण ते माझेच असतात. मला छळले ते भविष्याने.

आप्पांनी आयुष्याची बत्तीस वर्षे एका बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत काढली आहेत. या काळात त्यांना विचारल्या गेलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी “गाडी येईल” एवढेच उत्तर दिले, आणि तत्त्वतः ते कधी खोटे ठरले नाही. निवृत्तीनंतर मात्र खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभे राहून प्रश्न विचारण्याची त्यांची दबलेली हौस उफाळून आली आणि त्यांनी आपल्या पात्रासाठी निवडून निवडून भविष्य सांगणारे मंत्र घेतले.

पहिला फटका मला धुळ्याजवळच्या लळिंगवरून बेतलेल्या एका किल्ल्यावर बसला. तेथील राजाच्या खुनाचे रहस्य मी तीन आठवडे, ऑफिसच्या वहीच्या मागच्या पानांवर, नकाशे आणि वंशावळींसह रचले होते. आप्पांनी ‘कम्यून’ नावाचा मंत्र टाकला, ज्यात देवाला हो-नाही स्वरूपाचे तीन प्रश्न विचारता येतात. “खून वाड्यातल्याच माणसाने केला का?” मी हो म्हणालो. “तो दिवाण आहे का?” दिवाणच होता, आणि देव खोटे बोलत नाही. तिसरा प्रश्न शिल्लक राहिल्याने आप्पांनी देवाला, आज लवकर झोपायला जावे का, असे विचारले. घड्याळात साडेनऊ वाजले होते.

पुढच्या वेळी मी सावध झालो आणि ठरवले की यापुढे देव कोड्यात बोलेल. “जेथे पाणी चढते, तेथे सावली पडते,” असे उत्तर मी घोगऱ्या आवाजात दिले. मेहुण्याने ही मोट असल्याचा निकाल दिला आणि मंडळी दोन तास राज्यातल्या विहिरी उपसत हिंडली. एका निरपराध शेतकऱ्याला तर त्यांनी चौकशीसाठी बांधूनही घातले. शेवटी वैतागून मेहुणा म्हणाला, “दाजी, तुमच्या देवापेक्षा आमचे आप्पा बरे. निदान गाडी येईल एवढे तरी सांगायचे.” त्या कोड्याचा अर्थ मलाही ठरवता आलेला नव्हता, कारण यमक जुळले म्हणून ते मी ठेवले होते, ही गोष्ट मी आजवर कोणापुढे कबूल केलेली नाही.

मार्ग सापडला तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी. आईने आदल्या दिवशी पितरांसाठी भरलेली घागर अजून कोपऱ्यात होती, तिच्यावरचे डांगर, म्हणजे खरबूज, मात्र आमच्या पोटात गेले होते, आणि मेहुणा मोबाइलवर भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत वाचून दाखवत होता. बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावी आखाजीला शेतात घट आखून त्याच्या कडेने अठरा धान्ये मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवून त्यांवर पाण्याची घागर ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे रात्रीतून काय हलले व काय भिजले हे पाहून पाऊसपाणी सांगतात. ढेकळांना ढगांचे काही कळते यावर माझा काडीचाही विश्वास नाही. परंतु खेळ चालवणारा म्हणून मी त्या मांडणीपुढे मनोमन हात जोडले. पहिल्या महिन्यात पाऊस कमी, असे तिथे स्वच्छ सांगतात, त्यात कोडे नसते, आणि तरीही ते ऐकून गिऱ्हाईक घरी जाऊन झोपत नाही, तर मेहुण्याच्या दुकानात येऊन विचारते, “मग कपाशी कधी लावू?” माझे देव एकतर सगळी कपाशी स्वतःच लावून मोकळे होत होते किंवा पावसाबद्दल ओव्या गात होते.

त्यानंतर मी नियमांचे पुस्तक नव्याने वाचले. ‘ऑग्युरी’ हा पुढच्या अर्ध्या तासाबद्दल शुभ, अशुभ, दोन्ही किंवा काहीच नाही, एवढेच सांगणारा कौल आप्पा प्रत्येक दारापाशी लावत असत. विश्रांती न घेता तो पुन्हा लावला तर दर खेपेस उत्तर भलतेच निघण्याची शक्यता २५ टक्क्यांनी वाढते आणि तो फासा डन्जन मास्टरने गुपचूप टाकायचा असतो, हे मी इतके दिवस आळसाने सोडून दिले होते. तो लागू करताच आप्पा दारे हाताने उघडू लागले.

भाचीकडे मात्र पहिल्यापासूनच खरे हत्यार होते. भविष्यविद्येचा विझार्ड रात्रीच्या झोपेनंतर वीस बाजूंचे दोन फासे टाकून ते आकडे लिहून ठेवतो आणि दिवसभरात कोणाच्याही फाशाऐवजी त्यांतला आकडा बसवतो. तिच्या चिठ्ठीवर एकदा ३ आणि १९ आले. चांगल्या आकड्याने कोणीही खूश होतो. ती त्या तीनकडे पाहून हसली. “मामा, हा आज कोणाच्या तरी पानात वाढायचा आहे,” ती म्हणाली. यात तिला पुढचे काहीच कळत नाही, फक्त पुढचे थोडेसे तिच्या खिशात असते, आणि माझ्या मते भविष्याचा एवढा नेमका उपयोग त्या पुस्तकात कोणत्याही मंत्राला साधलेला नाही.

त्याच दिवशी किल्ल्याला वेढा पडला आणि आप्पांनी २५ सुवर्णमुद्रांचा धूप-नैवेद्य जाळून, सात दिवसांच्या आत किल्ला पडेल का, असे देवाला विचारले. मी साध्या आवाजात उत्तर दिले, “पौर्णिमेच्या रात्री उत्तरेचे दार आतून उघडले जाईल.” मला स्वतःलाही याहून अधिक काही माहीत नव्हते. गच्चीवर जो गदारोळ उठला तो तीन शनिवार टिकला. दार चिणून टाकावे असे मेहुण्याचे मत पडले. भाचीला पहारेकऱ्याचा संशय आला आणि त्याने थाप मारताच तिने त्याच्या पानात तीन वाढला, तेव्हा तो फक्त मुदपाकखान्यातले तूप चोरतो, एवढे निष्पन्न झाले. पौर्णिमेला शत्रूने आत अग्निबाण टाकले, धान्याची कोठारे पेटली, बायकामुले उत्तरेच्या दाराशी कोंडली गेली आणि कोणी काही म्हणण्याच्या आत आप्पांनीच अडसर उचलला.

बराच वेळ फॅनचाच आवाज येत होता. मग आप्पांनी विचारले, “भाऊ, दार मीच उघडणार, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होते ना?” मी चौकशी खिडकीतल्या माणसासारखा चेहरा केला आणि मान हलवली.

तेवढ्यात ताकाचे पेले न्यायला आई वर आली. तिने आमचे चेहरे पाहून विचारले, “आते काय व्हई?”

“गाडी येईल, आक्का,” आप्पा म्हणाले आणि पुढच्या धुपासाठी सुवर्णमुद्रा मोजू लागले.