हिरवा की तांबडा?

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात ऑफिसने आमची स्वभावचाचणी घेतली. प्रश्नावली भरायची, मग चारपैकी एक रंग पदरात पडतो. मला हिरवा मिळाला: शांत, सगळ्यांना सांभाळून घेणारा. निकाल पुण्याच्या जुन्या टीमच्या ग्रुपवर टाकला, तर तासभर नुसता हशा. तिथे मी म्हणे भडक तांबडा होतो!

त्याच ग्रुपवर इन्फोसिसच्या नारायण मूर्तींच्या आठवड्याला ७० तास कामाच्या सल्ल्यावरून वाद झाला होता आणि २०२५च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांच्या ९० तासांवरून पुन्हा. एकाला कडक बॉस हवा, दुसऱ्याला समजूतदार. सगळी चर्चा बॉसच्या स्वभावावर. मलाही तेच वाटायचं.

इथल्या पहिल्या मोठ्या मीटिंगमध्ये मी वेळापत्रक मांडत होतो. चीज सँडविच खाता खाता एक पंचविशीतला पोरगा म्हणाला, "हे जमणार नाही." मान वर न करता. माझे कान तापले. बॉसने फक्त "का?" विचारलं. टेस्टिंगचे दोन आठवडे मी धरलेच नव्हते. पुण्यातही हे कुणाच्या तरी लक्षात आलंच असतं. पण मला "हो सर" आणि खरं काय ते खाली टपरीवर.

तो पोरगा फार धीट होता असं नाही. इथे कायम नोकरीतल्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध काढायचं तर सहसा सरकारी संस्थेची किंवा कोर्टाची परवानगी लागते. कंपनीत पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं झाली की कर्मचाऱ्यांची निवडलेली समिती कायद्यानेच आली. हॉफस्टेड या डच संशोधकाच्या 'सत्ता-अंतरा'च्या मापात, म्हणजे वरच्याची सत्ता लोक किती गृहीत धरतात यात, भारत ७७, नेदरलँड्स ३८. हे अंतर बॉसच्या गोड बोलण्याने मिटत नाही.

अर्थात इथलं 'ओव्हरलेख' म्हणजे सल्लामसलतही अंत पाहते. कॉफीचं मशीन हलवायला आम्ही तीन बैठका घेतल्या! रात्री दोनला सर्व्हर पडला तर मला अजून पुण्याचीच पोरं आठवतात.

हल्ली कंपनीच्या पुण्यातल्या टीमशी दर गुरुवारी कॉल असतो. "काही अडचण?" मी विचारतो, अगदी हिरव्या आवाजात. "नो सर, ऑल गुड." परवा रात्री त्यातल्याच एकाचा मेसेज आला: "सर, तारीख जमणार नाहीये. कॉलवर बोललो नाही, मॅनेजर होते."