तवंगावरचे ऊन आणि माशांची अंडी

समुद्रात तेल सांडल्याची बातमी आली की समाजमाध्यमांवर दिलासा देणारा एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा, की उन्हाने तेल उडून जाते, उरलेल्याचे विघटन होते, पाण्यात उतरणारा अंश इतका थोडा असतो की प्रयोगशाळेतील चाचण्यांत त्याने मासे मरत नाहीत, आणि माशांच्या काही अळ्या, म्हणजे अंड्यांतून नुकतीच बाहेर आलेली पिल्ले, मेल्याच तरी मासे लाखांनी अंडी घालतात. यातील प्रत्येक विधानात सत्याचा अंश आहे. त्यामुळेच हा मजकूर पटतो, आणि त्यामुळेच त्याला नीट उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

तेल उडून जाते हे बेंझीन, टोल्युइन यांसारख्या हलक्या घटकांपुरते खरे आहे. अँथ्रासीन, पायरीन, फ्लुओरँथीन अशी कार्बन अणूंच्या तीन-चार वलयांची जड संयुगे मात्र मागे राहतात, आणि जहाजांच्या इंजिनांत जाळल्या जाणाऱ्या जाड बंकर तेलात अशा जड संयुगांचे प्रमाण मोठे असते.

विघटनाचा मुद्दा अधिक फसवा आहे. उन्हात तेलाचे ऑक्सिडीकरण होते, परंतु त्यातून तयार होणारी अनेक संयुगे मूळ तेलापेक्षा पाण्यात अधिक सहज विरघळतात; म्हणजे पृष्ठभागावरून दिसेनासे झालेले तेल नाहीसे झालेले असतेच असे नाही. याहून गंभीर प्रक्रिया सजीवाच्या शरीरात घडते. वर सांगितलेली अँथ्रासीन, पायरीनसारखी जड संयुगे अळीच्या पेशींत साठतात, सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून उत्तेजित होतात आणि ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतात. असा उत्तेजित ऑक्सिजन पेशींच्या स्निग्ध आवरणांवर तुटून पडतो. ऊर्जा देऊन मोकळा झालेला रेणू पुन्हा प्रकाश शोषण्यास तयार असतो, त्यामुळे थोड्याशा संयुगानेही दिवसभर नुकसान होत राहू शकते. मोठ्या माशाला खवले, रंगद्रव्ये आणि खोल पाणी यांचे संरक्षण असते. काचेसारखी पारदर्शक आणि पृष्ठभागाजवळ तरंगणारी अळी मात्र आतपर्यंत उजळून निघते.

प्रयोगशाळेतील चाचण्यांचा दाखला सर्वांत वजनदार वाटतो, म्हणून त्याकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. अशा अनेक चाचण्या साध्या दिव्यांखाली होतात, आणि त्या प्रकाशात अतिनील किरण जवळजवळ नसतात. तेच तेल आणि तेच जीव पुरेशा अतिनील प्रकाशात ठेवले, की विषारीपणा दुपटीपासून हजारपटीहूनही अधिक वाढल्याचे वेगवेगळ्या जीवांवरील प्रयोगांत दिसले आहे.

प्रत्यक्ष समुद्रात काय होते, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराने दाखवले. 7 नोव्हेंबर 2007 रोजी धुक्यात ‘कॉस्को बुसान’ हे जहाज बे ब्रिजच्या खांबाच्या संरक्षक कठड्यावर आदळले आणि सुमारे 2 लाख लिटर बंकर तेल सांडले. त्यानंतरच्या हिवाळी विणीच्या हंगामात संशोधकांनी हेरिंग माशांची अंडी तपासली. जरा खोल पाण्यात पिंजऱ्यांत ठेवलेली अंडी जिवंत होती, पण त्यांतील गर्भांची हृदये मंद पडली होती आणि हृदयाभोवती पाणी साठले होते. तेल लागलेल्या किनाऱ्यांवर भरती-ओहोटीच्या उथळ पट्ट्यात माशांनी स्वतः घातलेल्या अंड्यांतील गर्भ मात्र जवळजवळ सगळे मेले होते आणि त्यांच्या ऊतींचा अक्षरशः लगदा झाला होता. नुसत्या हृदयविकाराने असे होत नाही; तेलाला उन्हाची जोड मिळाल्याने हे घडले असावे, हा त्या संशोधकांचा निष्कर्ष मला सयुक्तिक वाटतो. दोन वर्षांनंतर त्याच ठिकाणी असा मृत्यू आढळला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

ही जोड सर्वत्र सारखी नसते. गढूळ पाण्यात अतिनील किरण फार खोल जात नाहीत. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडले, तेव्हा पावसाळी ढग आणि गाळाने भरलेले पाणी यांनी किरणांना बराच अडथळा केला असणार. तरीही ढगांतून अतिनील किरणांचा काही भाग पोहोचतोच, आणि पाण्याच्या अगदी वरच्या थरात तरंगणाऱ्या अंड्यांना गढूळपणाचा आडोसा फारसा मिळत नाही.

राहिला लाखो अंड्यांचा मुद्दा. मासे इतकी अंडी घालतात याचे कारण त्यांतील फारच थोडी नैसर्गिक संकटांतून तगतात. ते जास्तीचे भांडवल नव्हे. शिवाय मेक्सिकोच्या आखातात 20 एप्रिल 2010 रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचावर स्फोट झाला आणि त्यानंतर 87 दिवस तेल वाहत राहिले, ते नेमके अनेक माशांच्या विणीच्या हंगामात आणि कडक उन्हाच्या महिन्यांत. तेथील माही-माही या माशाच्या तरंगणाऱ्या अंड्यांवर प्रयोग केले असता, तेलासोबत अतिनील किरण मिळताच पिल्ले बाहेर येण्याचे प्रमाण घटले. अमेरिकी शासकीय संस्थांनी 2016 मध्ये पूर्ण केलेल्या नुकसानीच्या मोजणीत उन्हामुळे वाढणारा हा विषारीपणा धरलेला आहे, आणि पृष्ठभागाजवळच्या पाण्यात मेलेल्या माशांच्या अळ्यांचा त्यातील अंदाज 2 ते 5 लाख कोटी इतका आहे.